हेल्मेटमधली ओटी

"मागनं गाडी येणार असेल तर मी येत नाही," वन्स म्हणाल्या, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला. तो बिचारा इतकंच म्हणाला होता, की दोन बायका उन्हातान्हातनं सायकलवर जाणार, मी आपला लांबनं गाडी घेऊन येतो, दिसणारसुद्धा नाही.

वन्स म्हणजे माझी मोठी नणंद, लता. वय बावन्न. मी त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि जिभेनं दुप्पट मोठी. त्यांचे यजमान जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून त्या कोल्हापुरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. सासर जत तालुक्यात, माडग्याळच्या पुढं. गावाचं नाव लिहायचं नाही अशी मला ताकीद आहे. दर वर्षी वर्षश्राद्धाला पुण्याहून मुलगा येतो, गाडीतनं त्यांना थेट दारात उतरवतो, त्या आतल्या खोलीत बसतात, जेवतात आणि काचा वर करून परत येतात.

"मंजू, चार वर्षांत त्या गावच्या रस्त्यानं मी एकदाही चालले नाही," रंकाळ्याभोवती सायकलचा सराव करताना त्या एकदा म्हणाल्या होत्या. "आता जाईन ती सगळ्यांच्या समोरनं, स्वतःच्या पायांनी. मध्ये कुठं गाडी बोलवावी लागली, तर सायकल विकून टाकीन." आणि वन्स बोलल्या की बोलल्या. एकदा कुणाशी तरी वाजलं म्हणून चहा सोडला, तो अकरा वर्षं सोडला.

तर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, अंगात स्वेटर आणि पोटात मिसळ घेऊन, आम्ही निघालो. पहिल्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हायवेला जाऊ नका, एवढं मात्र ऐका. आतल्या रस्त्यानं शिरोळ गाठा, तिथनं अर्जुनवाडचा कृष्णेवरचा पूल ओलांडा आणि मिरजेत शिरा. साधारण साठ किलोमीटर पडतात. दोन्ही बाजूंना ऊस, वाटेत उसानं भरलेले ट्रॅक्टर, आणि त्यातला एक तरी गाणी लावून तुमच्या अंगावर येणारच. मिरजेत स्टँडजवळ नऊशे रुपयांत दोन कॉटची खोली मिळाली. चादरी स्वच्छ होत्या, गरम पाणी सकाळी सातला येणार होतं ते पावणेनऊला आलं.

खरी सफर दुसऱ्या दिवशी सुरू झाली. मालगाव सोडलं की ऊस मागं पडतो, आधी द्राक्षाच्या बागा आणि बेदाण्याच्या शेड लागतात, मग त्याही विरळ होत जातात. सलगऱ्यापासनं पुढं रस्ता आपला एकट्याचा. मी घड्याळ लावून पाहिलं, पंचवीस मिनिटांत एक दुधाची मोटारसायकल आणि शंभरेक मेंढरं, बाकी काही नाही. कमरेएवढा शाळू, काळ्या-तांबड्या मातीचे माळ, लांब टेकडीवर पवनचक्क्या आणि आपल्याच चेनचा आवाज. कोल्हापूरच्या माणसाला इतकी शांतता पहिल्यांदा जरा संशयास्पद वाटते. तासाभरानं मी मोठ्यानं गायला लागले आणि वन्सनी मला थांबवलं नाही, यावरनं त्याही किती खुशीत होत्या ते समजा.

या भागात येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, हिवाळ्यात वारा पूर्वेकडनं असतो. म्हणजे जाताना सगळा छातीवर. मोठे चढ नाहीत म्हणून मी खूश होते, तर या वाऱ्यानं सपाट रस्त्याचाच घाट करून टाकला.

आता ओटीचं सांगते. मालगावच्या पुढं एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. द्राक्षबागेच्या कडेला निळ्या दाराचं घर, दारात तिशीतली बाई.

"पावणं, कुठनं आलासा?"

"कोल्हापूरनं."

"सायकलवर? आगं बया! या की आत, च्या घेऊन जावा."

चहा झाला, शेंगा झाल्या आणि आम्ही उठलो तशी ती कुंकवाचा करंडा घेऊन आली. बाईमाणूस दारात आलंय, ते रिकामं कसं पाठवायचं? मला हळदीकुंकू लावलं आणि ओटीसाठी नारळ, खण, ओंजळभर गहू पुढं केले. माझ्या अंगात ट्रॅकपँट आणि टीशर्ट. ओटी घ्यायला पदर कुठला आणायचा? ती हसायला लागली, मीही हसले, आणि शेवटी डोक्यावरचं हेल्मेट काढून उलटं धरलं. ओटी हेल्मेटमध्ये पडली.

मग ती वन्सकडे वळली. मोकळा गळा, कपाळावर काही नाही. तिचा हात करंड्यावरच राहिला. वन्स तोवर उठून बाहेर पडल्या होत्या. "मी जरा हवा बघते," म्हणाल्या.

पुढं सलगऱ्याजवळ ताक प्यायला थांबलो, तिथं तेच. डफळापूरच्या अलीकडं एका म्हातारीनं हाक मारून बसवलं, हुरडा खायला घातला, तिथंही तेच. करंडा बाहेर आला की वन्स उठणार आणि टायरची हवा बघणार. त्या दिवशी आमच्या टायरांची जितकी तपासणी झाली तितकी आयुष्यात झाली नसेल. माझी जीभ गल्लीत प्रसिद्ध आहे, पण त्या तिन्ही दारांत ती टाळूला चिकटून बसली. समोरची बाई इतक्या प्रेमानं देतेय, तिला काय बोलणार? मी हेल्मेट पुढं करत राहिले आणि स्वतःवर चिडत राहिले.

तीन नारळ आणि तीन ओंजळी धान्य म्हणजे गंमत नाही. मी घरून निघताना टूथब्रशसुद्धा हलका निवडला होता. डफळापूरच्या चढावर माझ्या मागच्या कॅरियरनं कट्ट करून मान टाकली. वेल्डिंगच्या दुकानाला कुलूप. शेजारचा पानपट्टीवाला म्हणाला, "त्यो लग्नाला गेलाय, परवा येतूय." वन्सनी नारळ, खण, धान्य, सगळं उचलून आपल्या सायकलवर घेतलं आणि रबरी पट्ट्यानं करकचून बांधलं.

"ते नको, वन्स. कुणाला तरी देऊन टाकू," मी म्हटलं.

"ओटी अशी टाकतात होय?"

"मग मी इथनं पुढं घेणारच नाही. तुम्हाला नाही तर मलाही नको."

"घ्यायची," त्या म्हणाल्या. "त्या बायांचं काय चुकलंय? त्यांनी पाहिलंय तसं करतात. चल, वारा वाढायच्या आत जत गाठू."

सत्तर किलोमीटर झाले तेव्हा जत आलं. पाय थरथरत होते, ओठ फुटले होते. खाणावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी, वर कांदा. मी चार भाकऱ्या खाल्ल्या, लाज वाटली नाही. रात्री नवऱ्याचा फोन आला, येऊ का गाडी घेऊन? वन्सनी माझ्या हातातनं फोन घेतला आणि म्हणाल्या, "झोप तू." आणि ठेवला.

तिसऱ्या दिवशी पस्तीस किलोमीटरच होते, पण वारा सकाळपासनंच खवळलेला. माडग्याळपर्यंत रस्ता चांगला, पुढं खडी उखडलेली. टायर जाड असतील तरच या बाजूला या. वाटेत आणखी दोन ओट्या झाल्या. आता वन्सच्या मागं पाच नारळ होते आणि एका चढावर त्यांची सायकल वाऱ्यानं अक्षरशः उभी राहिली. मी म्हटलं, उतरा, ढकलत जाऊ. त्या उतरल्या नाहीत. दात आवळून, डावीकडं-उजवीकडं झुलत, माणूस चालतं त्याहून हळू, पण पायडलवरच चढ पार केला. वर पोचल्यावर त्यांनी घंटी वाजवली. भोवती मैलभर कुणी नव्हतं, तरी वाजवली.

गावात शिरताना त्यांनी हेल्मेट काढून हँडलला अडकवलं. "तोंड दिसू दे," म्हणाल्या. कट्ट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

"आरं, ही लतावैनी न्हवं?"

"व्हय की! वैनी, गाडी पंचर झाली काय?"

"गाडी न्हाईच आणली," वन्स ओरडल्या. "कोल्हापूरनं सायकल मारत आलोय!" आणि घराच्या दारापर्यंत घंटी वाजवत गेल्या. मी मागं होते, मला रस्ता नीट दिसत नव्हता, डोळे भरून आले होते.

घरात वन्सच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या. सगळं गाव त्यांना आव्वा म्हणतं. घरात कानडी आणि मराठी दोन्ही एकाच वाक्यात चालतात. "बा, बा, कुंद्रु," म्हणजे ये, बस, असं म्हणत त्यांनी वन्सचे गाल चाचपले. अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या. पाणी झालं, चहा झाला आणि वन्सची जाऊ करंडा घेऊन माझ्यासमोर आली.

वन्स उठल्या. "मी हवा..."

"हवा काय पळून चाललीया व्हय?" आव्वा म्हणाल्या. "बस खाली. आन् त्या सायकलीवर काय बांधलंय?"

मी सांगितलं, ओटीचे नारळ आहेत.

"कुणाच्या ओटीचं?"

"माझ्या."

"मग तिच्या सायकलीवर कसं?"

"माझा कॅरियर मोडला, आव्वा. डफळापुरापासनं त्यांनीच आणलंय सगळं."

आव्वांनी सायकलीकडं बोट केलं. "सायकल दोघींनी मारली. वझं तिनं वाहिलं. आन् ओटी एकटी तुझी? ह्यो कुठला न्याय गं?"

पाच दारांत मी हेच मनात म्हणत होते आणि तोंडातनं काढलं नव्हतं. माझी मान खाली गेली.

"आण करंडा हिकडं," आव्वा जावेला म्हणाल्या.

"अत्ती, आवो, तुमी..." सासूला कानडीत अत्ती म्हणत जाऊ अडखळली, कारण आव्वांचंही कपाळ पंचवीस वर्षं मोकळं आहे.

"मी बी तशीच, ती बी तशीच. आमच्या दोघींचं आमी बघतो. लते, ती टोपी आण तुजी."

वन्स हेल्मेट घेऊन पुढ्यात बसल्या. आव्वांनी त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, ते जरा नाकावर उतरलं. मग मला म्हणाल्या, सोड ते नारळ. मी सोडले. एकेक नारळ आव्वांनी हेल्मेटमध्ये घातला, दोनच मावले, बाकीचे मांडीवर ठेवले. मागं बसलेल्या बायकांतली एक उठली आणि घरातनं मूठभर गहू घेऊन आली. मग दुसरी उठली. वन्स रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि मला म्हणाल्या, "मंजे, आता हे परत कोण नेणार?"

नारळ तिथंच फोडले. गल्लीभर खोबरं वाटलं.

परतीला दोन मुक्काम केले, सायकलवरनंच आलो. जाताना छातीवर बसलेला वारा आता पाठ ढकलत होता. जतमध्ये कॅरियर वेल्ड करून घेतला, ऐंशी रुपये. मालगावच्या अलीकडं ते निळ्या दाराचं घर आलं तसं वन्सनीच ब्रेक दाबला. ती बाई धावत बाहेर आली, पाणी दिलं, चहा ठेवला आणि निघताना एक नारळ, एक खण घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मी तोंड उघडणार, इतक्यात वन्स पुढं आल्या.

"वैनी, दोन आणा. आमी दोघी हाय की."

बाईनं त्यांच्याकडं पाहिलं, कपाळाकडं पाहिलं. आव्वांचं कुंकू घामानं केव्हाच पुसलं होतं. ती आत गेली. बराच वेळ गेला. आतून कुणाशी तरी हळू बोलल्याचा आवाज आला. वन्स जागच्या हलल्या नाहीत, टायरकडं तर त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग ती बाहेर आली, आणि तिच्या हातात दोन नारळ होते.

घरी येऊन आता तीन आठवडे झालेत. माझे गुडघे अजून जिना चढताना कुरकुरतात, उन्हानं सोललेलं नाक बरं झालंय. माझ्या वाटच्या नारळाची मी लगेच बर्फी केली. वन्सनी आपला देवघरात ठेवलाय, फोडत नाहीत. परवा त्यांचं हेल्मेट धुवायला घेतलं, आतल्या स्पंजला हळदीकुंकवाचा मोठा डाग पडलाय. त्यांनी ते माझ्या हातातनं काढून घेतलं आणि तसंच डोक्यावर चढवून रंकाळ्याला निघाल्या.