केगमधलं कोकम

घरी बिअर करायला लागून मला आठ वर्षं झाली. सुरुवातीला बाटल्या भरायचो. पन्नासेक बाटल्या धुवायच्या, प्रत्येकीत मोजून साखर घालायची, बुचं लावायची. त्याला कंटाळून दोन केग घेतले. केग म्हणजे स्टीलचं उंच, अरुंद पिंप. एका नळीने गॅस आत जातो, दुसरीने बिअर बाहेर येते. बिअर गार करून, दाब हलका ठेवून आठवडाभर सोडून दिली की गॅस तिच्यात मुरतो. घाई असलेले लोक दाब वाढवून केग हलवत बसतात. मला वाट बघायला आवडतं. गॅरेजमधल्या फ्रिजचं दार उघडलं की पहिल्या दिवशी बारीक सुरसुर ऐकू येते. मग तीही थांबते.

असंच कोकम सरबतही फसफसतं करता येईल, असं मी मंडळाच्या मीटिंगमध्ये जरा फुशारकीनेच बोललो आणि गणपतीचं सरबत माझ्याकडे आलं.

एक केग भरलेला होता. दुसऱ्यातली काळी बिअर नुकतीच संपली होती. तो मी तीनदा गरम पाण्याने धुतला. पण स्टील धुतलं जातं, झाकणाच्या रबरी रिंगा मात्र वास धरून ठेवतात, हे मला पक्कं माहीत होतं. नव्या रिंगा ड्रॉवरमध्ये होत्या. बदलायला वीस मिनिटं लागली असती. ऑफिसचा कॉल सुरू होणार होता, आणि कोकमापुढे कसला वास टिकतोय, असं म्हणून मी आगळ, पाणी, साखर, जिरं आणि सैंधव आत ओतून झाकण लावलं.

इथे परदेशात, नेपरव्हिलमध्ये, सगळे सण सुट्टी बघून शनिवारी येतात, आणि समोरच्या घरातल्या काकूंचा शनिवारी उपवास असतो. काकू म्हणजे माझ्या मित्राची आई. मी आणि बायको नोकरीवर जायचो तेव्हा आमच्या मुलीला त्यांनी दोन वर्षं सांभाळलं होतं. माझ्या बिअरबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, की दारूच्या भांड्यातलं त्यांना चालत नाही.

आरतीनंतर केगपाशी रांग लागली. कुणीतरी म्हणालं, "काय यार, आज बाप्पासमोर ड्राफ्ट बिअर?" सगळे हसले. काकूंनी ग्लास नाकापाशी नेला आणि थांबल्या.

"यात तुझी ती बिअर नव्हती ना रे?"

मागे माणसं उभी होती. बायको शेजारी ग्लास भरत होती.

"नाही काकू. हा सरबताचाच आहे."

त्यांनी ग्लास संपवला आणि आणखी एक घेतला. उपवासाला बरं वाटलं म्हणाल्या. बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचा ग्लास भरायला घेतला. शेवटी तळाचं अर्धा ग्लास सरबत मी प्यायलो. जिऱ्याच्या मागे तो वास होता. पुसट, पण होता.

दोन आठवडे मी त्यांच्या घराकडे न बघता गाडी बाहेर काढायचो. मग एका दुपारी गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी रिंगांपासून सगळं सांगितलं. वीस मिनिटांचा आळस आणि चारचौघांत तोंडघशी पडायची भीती, याशिवाय माझ्याकडे कारण नव्हतं.

त्यांनी हातातली काडी बाजूला टाकली.

"वास आला होता मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर विचारलं. तू नाही म्हणालास, मग मला वाटलं माझंच नाक म्हातारं झालं."

मी माफी मागितली. "उपवासाचं मी बघून घेईन, तू ते मनाला लावून घेऊ नकोस," असं म्हणून त्यांनी चहा टाकला. मला त्या रागावायला हव्या होत्या. चहात नेहमीसारखी गवती चहाची पात होती.

यंदा मी तिसरा केग आणला. कोराच. सरबताशिवाय त्यात काही गेलेलं नाही. गणपतीला काकू समोर आल्या तेव्हा त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, "काकू, हा नवा आहे. यात बिअर कधीच गेलेली नाही."

त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग माझ्या बायकोकडे बघितलं. तिने होकारार्थी मान हलवली, तेव्हा त्यांनी ग्लास पुढे केला.