सात नंबर, जागा पाच

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर बसून हे बोलायला जे धैर्य लागतं ते माझ्यात एकवीस वर्षांपूर्वी नव्हतं आणि — आता लपवून काय करू? — आजही नाही.

मी वसईतल्या एका कॉलेजात मुलींच्या व्हॉलीबॉल संघाची प्रशिक्षक आहे. चोवीस वर्षं झाली, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. यश म्हणाल तर भरपूर. चषक कपाटात मावत नाहीत, काही जिन्याखाली खोक्यात पडलेत. माझ्या मुली पोलिसात आहेत, रेल्वेत आहेत, दोघी राज्याकडून खेळल्या. मी कडक बाई आहे. पाच मिनिटं उशीर झाला की मैदानाला पाच फेऱ्या. मग तुमची रिक्षा सातिवलीच्या टेम्पोंमागे अडकलेली असो, नाहीतर घरी पाहुणे आलेले असोत. मुली माझ्यामागे मला 'शिट्टी' म्हणतात. त्यांना वाटतं मला ठाऊक नाही. खरं म्हणजे मला ते नाव आवडतं.

आणि माझा पाढा प्रसिद्ध आहे. तो आधी समजावून सांगते.

व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक सेटच्या आधी प्रशिक्षकाला एक छोटी चिठ्ठी द्यावी लागते. तिच्यावर सहा चौकोन छापलेले असतात, मैदानावरच्या सहा जागांचे. कोणत्या जागेवर कोणत्या नंबरची मुलगी, ते लिहायचं, खाली सही करायची आणि पंचांच्या हातात द्यायची. मग मुलींनी त्याच क्रमाने फिरायचं, त्याच क्रमाने सर्व्हिस करायची. मैदानावर काही वेगळं दिसलं तर दंड संघाला. कागदावर सही असते, त्यामुळे कागदाला कोणी चूक म्हणत नाही.

तर माझ्या संघात चिठ्ठी देण्याआधी सहाही जणी माझ्यासमोर ओळीने उभ्या राहतात आणि एकेक जण मोठ्याने म्हणते — 'तीन नंबर, जागा एक', 'आठ नंबर, जागा दोन' — असं सहापर्यंत. हाच पाढा. दुसऱ्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांनी तो उचलला. शिबिरांत मला त्यावर बोलायला बोलावतात. आणि मी बोलते — काय बोलते, ऐका. मी म्हणते, एकदा माझी एक मुलगी अंतिम सामन्यात स्वतःची जागा विसरली आणि आम्ही हातातला चषक घालवला. त्या दिवशी मी ठरवलं की मुलींच्या आठवणीवर विसंबायचं नाही.

लोक माना डोलावतात, वहीत लिहून घेतात. मी पाण्याचा घोट घेते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते.

ती मुलगी हेमांगी. आगाशीची, केळीच्या वाडीवाल्यांच्या घरची. सकाळी सहाच्या सरावाला ती पहिल्या बसने यायची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, हातात पायमोजे, कारण ते ती बसमध्ये घालत नसे, मैदानावर आल्यावर घालायची. सात नंबरचा टी-शर्ट. तिची सर्व्हिस नेटवरून जेमतेम जायची आणि पलीकडे गेली की अचानक खाली बसायची. समोरच्या मुली नुसत्या बघत राहायच्या. पण मला तिच्यातलं सगळ्यात काय आवडायचं सांगू? तिला एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नसे. बाकीच्या चार-चारदा विचारून माझं डोकं खायच्या. हेमांगी एकदा ऐकायची, मान हलवायची, संपलं. हे लक्षात ठेवा.

तिला पोलिसात जायचं होतं, खेळाडूंसाठी राखीव जागेवर. त्यासाठी आधी विद्यापीठाच्या संघात यायला हवं होतं. वडिलांनी तेवढीच मुदत दिली होती — विद्यापीठाच्या संघात आलीस तर पुढे खेळ, नाहीतर पुरे झालं. माणूस वाईट नव्हता. पोरीच्या बसच्या वेळेला स्वतः नाक्यापर्यंत सोडायला यायचा.

अंतिम सामना विरारला होता, उघड्या मैदानावर, भर दुपारी. विद्यापीठासाठी निवड करणारे दोघे मंडपात बसले होते. आमचे प्राचार्यही आले होते. माझं तिसरं वर्ष, नोकरी तात्पुरती, आणि कायम करण्याचा कागद त्यांच्याच टेबलावर — हे मी का सांगते आहे? सबब म्हणून. खोडते ते. तुम्हीही धरू नका.

दोन-दोन सेट झाले. पाचवा, निर्णायक, पंधरा गुणांचा. मधल्या मिनिटभरात मी मुलींना जागा सांगितल्या. हेमांगीला म्हटलं, "तू पाच." तिने मान हलवली. मग मी गुडघ्यावर पॅड ठेवून चिठ्ठी लिहिली. हाताला घाम होता, पेन सरकत होतं, पंच घाई करत होते. पाचच्या चौकोनात मी अकरा लिहिलं आणि सहाच्या चौकोनात सात. उलटं. सही केली, दिली. पंचांनी चिठ्ठीवरून मुलींच्या जागा ताडून पाहायच्या असतात. पण पुढचा सामना खोळंबला होता, त्यांनी नुसती डोकी मोजली.

बारा-बारा झाले तेव्हा पाचच्या जागेची सर्व्हिसची पाळी आली. हेमांगीने चेंडू घेतला. दोन सर्व्हिस, दोन गुण. चौदा-बारा. आमच्या बाकावरच्या मुली उभ्या राहिल्या होत्या. एक गुण — एकच.

तेवढ्यात गुणलेखकाने हात वर केला.

चिठ्ठीप्रमाणे ही पाळी अकरा नंबरची होती. नियम असा की चुकीच्या मुलीने सर्व्हिस केली तर तिचे गुण खोडायचे आणि वर समोरच्यांना एक द्यायचा. चौदा-बाराचे बारा-तेरा झाले. आम्ही तेरा-पंधरा हरलो. मुली नंतर धड हातही उचलत नव्हत्या.

आता ते. इथपर्यंत आले की मी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथेच थांबत आले आहे.

गुणलेखकाने हात वर केला तेव्हा मी टेबलाजवळ गेले. त्याने चिठ्ठी माझ्यासमोर धरली. मला त्या क्षणी कळलं नव्हतं, गोंधळ झाला होता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खोटं आहे. मला कळलं होतं. माझंच अक्षर, माझा तो शेपटीचा सात, सहाच्या चौकोनात. मी चिठ्ठी परत दिली, मागे वळले, तर हेमांगी समोर उभी. रडत नव्हती. तिला वाटत होतं गुणलेखकाचं काहीतरी चुकलंय. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला पाच सांगितलेलं ना?"

प्राचार्य मंडपातून उठून येत होते.

मी म्हटलं, "सहा सांगितलं होतं. घाबरलीस आणि विसरलीस." मोठ्याने म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि अकरा नंबरच्या मुलीकडे बघितलं. पहिल्या वर्षाची, मला भिणारी. तोंडाने सहा मी तिला सांगितलं होतं, म्हणजे पाच हेमांगीलाच, हे तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. तिने खाली बघितलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकली.

हेमांगी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ही आता भांडेल. भांडायला हवं होतं की नाही, सांगा? पण ती आठवायला लागली. मला दिसत होतं — तिच्या कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, ती मी सांगितलेले शब्द पुन्हा आठवून बघत होती. आणि मग तिने माझं खरं धरलं, स्वतःचं सोडलं. "सॉरी मॅडम," ती म्हणाली.

इतकंच असतं तरी पुरे होतं. पण तासाभराने निवड करणाऱ्यांपैकी एकाने मला विचारलं, ती सात नंबर कशी आहे? आणि मी म्हटलं, हात चांगला आहे, पण दडपणाखाली डोकं चालत नाही. हे मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. पहिलं खोटं टिकवायचं म्हणून दुसरं बोलले, सहज, चहा पिता पिता. यादीत तिचं नाव आलं नाही.

चार दिवसांनी तिचे वडील तिला घेऊन कॉलेजात आले. मला वाटलं, आता माझं सगळं उघडं पडणार. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "मॅडम, पोरीमुळे तुमचं नाव गेलं. माफ करा." ती त्यांच्या मागे उभी होती, धुऊन घडी घातलेला सात नंबरचा टी-शर्ट घेऊन. परत द्यायला आणला होता. मी तो घेतला. वर त्यांना चहाही विचारला. त्या दोघांपैकी कोणालाही मी म्हणाले नाही की थांबा. त्याच वर्षअखेरीला मी कायम झाले. नवीन वर्षात पाढा सुरू केला आणि लोक म्हणाले, बघा, बाई चुकीतून शिकतात.

पाढा मुलींसाठी नाहीच. त्या म्हणत असतात तेव्हा माझी नजर त्यांच्याकडे नसते, माझ्याच हातातल्या चिठ्ठीवर असते. एकेक चौकोन बोटाने दाबून बघते. पाचच्या जागेची सर्व्हिस आली की अजूनही मी गुणलेखकाच्या हाताकडे बघते. हजारेक चिठ्ठ्या लिहिल्या असतील त्यानंतर. एकही चुकली नाही.

हेमांगीचं बरं चाललंय. लग्न आगाशीतच झालं, सासरचीही वाडी आहे, उन्हाळ्यात केळी सोलून उन्हात वाळवून सुकेळी करते आणि विकते. दर वर्षी त्यातली एक पुडी मला येते, सुक्या केळीच्या पानात बांधलेली, पहिल्या खेपेतली, सगळ्यात मऊ. सोबतच्या कागदावर 'मॅडमना नमस्कार' एवढंच. मी ती खाऊ शकत नाही. नवरा खातो, म्हणतो, तुझ्या मुली किती जीव लावतात.

यंदा तिची मुलगी दूर्वा आमच्या कॉलेजात आली. आईसारखाच हात. टी-शर्ट वाटले तेव्हा तिने सात मागितला, मी दिला. गेल्या महिन्यात तिचा पहिला सामना होता. पाढा झाला. ती म्हणाली, "सात नंबर, जागा पाच." मी लिहिलं. तिने पुन्हा विचारलं, पाचच ना मॅडम? मी म्हटलं, हो. पंचांकडे निघाले तर मागून आलीच — मॅडम, नक्की पाच? मी चिडले. म्हटलं, एकदा सांगितलेलं कळत नाही का?

ती ओशाळली. म्हणाली, "आई म्हणते मॅडमना तीनदा विचार. आमच्या घरात विसरायची खोड आहे ना, म्हणून. आई गॅससुद्धा तीनदा बघते."

मी चिठ्ठी घेऊन तिथेच उभी राहिले. पंचांनी दोनदा हाक मारली तेव्हा हलले.

सामना आम्ही जिंकलो. हेमांगी आली होती, जाळीपलीकडे उन्हात उभी होती, केस पांढरे व्हायला लागलेत. मला वाकून नमस्कार केला, पुडी हातात दिली. म्हणाली, "पोरगी जागा चुकत नाही ना मॅडम?" मी म्हटलं, नाही चुकत. "मग बरं," ती हसली, "माझ्यावर नाही गेली." आजूबाजूला कोणी नव्हतं. प्राचार्य नव्हते, निवड करणारे नव्हते, नोकरी जाण्याची भीती नव्हती. ती होती आणि मी होते. आणि मी हसले. तिच्याबरोबर, त्या बोलण्यावर, मी हसले.

पुडी फ्रिजमध्ये ठेवली आहे, अजून सोडलेली नाही.

सात नंबर हेमांगी. जागा पाच. मी तिला पाचच सांगितलं होतं, ती बरोबर पाचवर उभी होती, आणि चिठ्ठीवर तिला सहाच्या चौकोनात मी लिहिलं.