हजेरीतला शेवटचा म

मंगलबाई गावाला गेलेल्या नाहीत.

त्या वारल्या. शनिवारी सकाळी, घरी, चहा पिता पिता.

असं थेट लिहिलं म्हणून काहींना राग येईल. येऊ दे. बाईंबद्दल गोडगोड लिहिलं असतं तर त्यांनीच माझा कान पिळला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दहिसरला आमच्या चाळीत मंडळाची एक खोली आहे, तिथे बाई बालवाडी चालवायच्या. मी त्यांच्या हाताखाली शिकवते. हाताखाली म्हणजे अक्षरशः, कारण टपली मारायच्याच.

पहिल्याच वर्षी त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढून टाकला. क कमळाचा, प पतंगाचा, तो.

मी म्हटलं, "बाई, पालक ओरडतील."

"ओरडू देत. काल एका पोराला 'कप' वाच म्हटलं तर काय वाचलं माहितीये? कमळपतंग! त्याला चित्र पाठ झालंय गो, आवाज कुठे कळलाय?"

तेव्हापासून आमच्याकडे आधी आवाज. अक्षर नंतर.

हजेरीसुद्धा आवाजाने. बाई नाव घ्यायच्याच नाहीत. नुसतं "स्स्स" करायच्या. की सार्थक आणि सानिका उठून "हजर!" ओरडणार. "न्न्न" केलं की निहाल.

म ला नाकावर बोट ठेवायचं. ओठ मिटून म्म्म केलं की नाक आतून घुमतं. पोरांना त्याचं भारी कौतुक.

सगळ्यात शेवटी पोरांची पाळी. ती बाईंची हजेरी घ्यायची. सगळी नाकावर बोट ठेवून "म्म्म" धरून बसायची, बाई "हजर" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. आणि बाई मुद्दाम पदर नीट करत बसायच्या, चष्मा पुसायच्या. पोरं लालबुंद. मग एकदाचं "हजर!" आणि खोलीभर हसू.

एकटी मानवी मात्र स्वतःच्या म ला कधी आपली आपण उठली नाही. बाई म्म्म करायच्या आणि ही इकडेतिकडे बघायची. बाजूच्या पोराने ढोसलं की उठायची. बाई म्हणायच्या, "ढोसू नका रे. कळेल तिचं तिला."

मी रोज वैतागायची. बाई नाही.

ह्याच मानवीचे आजोबा मे महिन्यात गेले. घरच्यांनी तिला सांगितलं, आजोबा गावाला गेले.

आता आमची अर्धी चाळ कोकणातली. गणपतीला घरोघरी बॅगा भरल्या जातात. मानवीच्या पप्पांनी बॅग काढली आणि पोरीने जो आकांत मांडला! पप्पांची पँट धरून, "नका जाऊ, गावाला गेलं की परत येत नाहीत!"

दोन दिवस जेवली नाही हो ती.

बाईंना कळलं तेव्हा त्यांची मालवणी बाहेर आली. चिडल्या की यायचीच. तिच्या आईला म्हणाल्या, "पोरांका खोटा सांगू नको गो!" मग मानवीला मांडीवर घेतलं.

"आजोबा वारले, बाळा. ते परत येणार नाहीत. पप्पा गावाला जाणार आणि परत येणार. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मानवी खूप रडली. मग जेवली. पप्पा परत आले, येताना गुळातलं खाजं घेऊन. तिने वर्गात सगळ्यांना वाटलं.

आज सोमवार. बाईंशिवाय पहिला वर्ग.

सकाळपासून पालकांच्या ग्रुपवर सल्ले. लहान आहेत, सांगू नका. दारात मानवीची आईच उभी. "ताई, आज नको ना सांगू. म्हण ना, बाई गावाला गेल्यात."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलले ते बोलले. तीही रडत होती, मीही.

आत गेले. पोरं गोल करून बसलेली, बाईंची खुर्ची रिकामी. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, म्हणून टाकावं, गावाला गेल्यात. एका वाक्यात सुटले असते.

पण समोर मानवी बसली होती.

म्हटलं, "मंगलबाई वारल्या. त्या आता येणार नाहीत."



मानवीने विचारलं, "माझ्या आजोबांसारख्या?"

"हो गं."

मग म्हणाली, "म्हणजे गावाला नाही."

"नाही."

काही पोरं रडली. काहींना कळलंच नाही, ती खडूशी खेळत राहिली. थोड्या वेळाने मी हजेरी घ्यायला लागले, दुसरं काय करणार. स्स्स झालं. न्न्न झालं. म माझ्याकडून निघेना. ओठ मिटले की रडूच यायचं. मी तो गाळला.

हजेरी संपली. आणि सवयीने पोरांनी नाकावर बोटं ठेवली.

"म्म्म..."

मला थांबवता येईना. सगळी रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. सोडायचं नाही हा नियम. चेहरे लाल व्हायला लागले.

तेवढ्यात मानवी उठली.

कोणी ढोसलं नव्हतं. नाकावरचं बोट तसंच.

"हजर," ती म्हणाली.

पोरांनी श्वास सोडला.

बाई, उठली हो ती. आपली आपण उठली.

तुम्ही फक्त दोन दिवस थांबायला हवं होतं.

निघा आता, बाई. उद्या हजेरीत मी म गाळणार नाही.

तुमची,
सुजाता