रोकडेबाईंची उंच गाडी

बारवी धरणाच्या मागच्या पाड्यांवर माया रोकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ‘उंच गाडीवाली डॉक्टरीण’ म्हटलं की मात्र लहानथोरांना कळायचं. खरं तर त्या डॉक्टर नव्हत्या. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात त्या पशुधन पर्यवेक्षक होत्या. लसी टोचायच्या, जखमा धुवायच्या, अडलेली गाय-म्हैस सोडवायची, हे त्यांचं काम. आणि उंच होती ती गाडी. मायाताई स्वतः जेमतेम पाच फूट.

बारा वर्षांपूर्वी त्यांची या भागात बदली झाली तेव्हा त्या स्कूटर चालवत. एका पावसाळ्यात ती तीनदा चिखलात रुतली. तिसऱ्या वेळी बैल जुंपून ओढून काढावी लागली आणि पेटीतल्या लसी गरम होऊन वाया गेल्या. तेव्हा कात्रपमधले मेकॅनिक रामभाऊ यांनी त्यांना ही मोटारसायकल दाखवली. कुणा हौशी मुलानं घेऊन सहा महिन्यांत विकायला काढलेली. लांबलचक शॉकअप, चाकाच्या बऱ्याच वर उचललेला पुढचा मडगार्ड, कमरेच्या वर येणारी सीट. डांबरावर चालते तशीच नदीच्या गोट्यांतूनही जाते, असं रामभाऊंनी सांगितलं. मायाताई बसून बघायला चढल्या तर दोन्ही पाय लोंबकळले.

“अगं, पण थांबणार कशी?” त्यांचे यजमान राजेंद्र यांनी काळजीनं विचारलं.

ते शिकायला त्यांना तीन आठवडे लागले. थांबायच्या आधी सीटवरून डावीकडे घसरायचं, एकच पाय टेकवायचा आणि गाडीचा भार मांडीवर घ्यायचा. मैदानात त्या इतक्या वेळा पडल्या की बघायला जमलेल्या मुलांनाही त्याचं काही वाटेनासं झालं. एकदा जमलं ते मात्र कायमचं जमलं.

कंपनीनं ही गाडी काही वर्षं काढली आणि बंद केली. तेवढ्या काळात रंग आणि पट्टे सोडले तर तिच्यात काही बदललं नव्हतं. साधं इंजिन, कार्ब्युरेटर, किक. इंजिन कंपनीच्या रोजच्या गाड्यांसारखंच असल्यानं बरेचसे पार्ट उल्हासनगरच्या बाजारात मिळून जात. रामभाऊंनी मायाताईंना प्लग काढायला, केबल बदलायला, फिल्टर धुवायला शिकवलं. पुढे पुढे नुसत्या आवाजावरून त्यांना कळू लागलं की चेन सैल झालीय की व्हॉल्व्ह वाजतायत. घरात मिक्सर, फोन, टीव्ही, सगळं होतं. त्यातलं काही बिघडलं की त्या दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत. आतबाहेर पूर्ण माहीत असलेली वस्तू त्यांच्याकडे ही एकच होती. रविवारी सकाळी गाडी धुताना त्यांना ते जाणवायचं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. साडी नेसतानाही हात मागे जाईना. डॉक्टरांनी आडवाटेनं गाडी चालवणं आणि अडलेल्या जनावरांत हात घालणं, दोन्ही बंद करायला सांगितलं. अर्ज केल्यावर अंबरनाथच्या कार्यालयात टेबलाचं काम मिळालं. त्यांच्या जागी साताऱ्याकडची माधवी नावाची सव्वीस वर्षांची मुलगी येणार होती. महिनाभर दोघींनी मिळून फिरायचं आणि मग मायाताईंनी भाग सोडायचा, असं ठरलं.

गाडी विकायची ठरली तेव्हा रामभाऊंनी गिऱ्हाईक आणलं. अभिजीत, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम करणारा. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून इंजिनाखाली पाहिलं आणि काय काय बदललंय ते विचारलं. काहीच नाही, असं मायाताईंनी सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला. ज्या नव्या भारी गाडीवरून आलात ती असताना ही कशाला हवी, असं त्यांनी विचारलं.

“नवीनमध्ये सगळं आहे मॅडम,” तो म्हणाला. “स्क्रीन आहे, सेन्सर आहेत. पण उघडून बघावं आणि आपल्याला समजावं असं त्यात काही राहिलं नाही.”

मुलगा त्यांना आवडला. महिनाअखेरीस गाडी न्या, असं त्या म्हणून गेल्या.

सप्टेंबरातल्या एका सकाळी पाड्यावरून रखमाबाईंचा फोन आला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई, एकच म्हैस. ती पहाटेपासून अडली होती. माधवीची स्कूटर दवाखान्यात ठेवून दोघी उंच गाडीवरून निघाल्या. पाड्याच्या वाटेवरचा ओढा भरून वाहत होता. मायाताईंनी हा ओढा शेकडो वेळा ओलांडलेला. पण मध्यावर पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं आणि दुखऱ्या हातानं हँडल सावरता आलं नाही. गाडी आडवी झाली, इंजिन बुडालं. माधवीनं औषधांची बॅग तेवढी डोक्यावर धरली.

दोघींनी गाडी ओढत काठावर आणली. किक मारली तर ती खाली जाईना. आत पाणी गेलं होतं. पाडा अजून दोन कोस. माधवीनं फोन काढला आणि कंपनीची मदत कुठून मिळते ते शोधू लागली. तिथे रेंज नव्हती.

“फोन ठेव,” मायाताई म्हणाल्या. “सीटखाली पाना आहे. माझा हात उचलत नाही. मी सांगते तसं तू कर.”

माधवीनं पेट्रोलचा कॉक बंद केला. प्लग काढला. मग किक मारली तसं प्लगच्या भोकातून पाणी कारंज्यासारखं उडालं आणि तिच्या तोंडावर आलं. पाणी थांबेपर्यंत तिनं किक मारल्या. फिल्टर काढून पिळला, कार्ब्युरेटरखालचा स्क्रू सैल करून आतलं पाणी सोडलं, प्लग ओढणीनं पुसून परत बसवला. पंधराएक मिनिटं गेली असतील. चौथ्या किकला गाडीनं खोकल्यासारखा आवाज काढला, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाली. माधवी गाडीकडे बघतच राहिली. सगळं तिच्या हातानं झालं होतं आणि काय झालं ते तिला कळलंही होतं.

रखमाबाई गोठ्याच्या दारात बसून होत्या. “आलीस गं बाय,” एवढंच त्या म्हणाल्या आणि बाजूला सरकल्या. रेडकाचं डोकं मागे वळलेलं होतं. इथेही मायाताईंनी नुसतं सांगितलं. आधी रेडकाला आत ढकल, मग जबडा पकड, कळ येईल तेव्हाच ओढ. माधवीचा हात लहान होता, तो कामी आला. तासाभरानं रेडी बाहेर आली, निपचित. माधवीनं तिच्या नाकातला चिकटा काढला, छाती चोळली, तेव्हा कुठे ती शिंकली. रखमाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि चुलीवर चहा ठेवला.

परतताना माधवीनं विचारलं, की आज चालवून बघू का? तिचेही पाय जमिनीला पुरत नव्हते. मायाताई मागे बसल्या. या गाडीच्या मागच्या सीटवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. तिथून वाट वेगळीच दिसत होती. माधवी चुकीच्या गिअरमध्ये चढ चढत होती. माथ्यावर पोचायच्या आधी तिनं स्वतःच गिअर उतरवला.

त्या संध्याकाळी त्यांनी अभिजीतला फोन करून गाडी देता येणार नाही म्हणून सांगितलं. दिलेला शब्द मोडतेय, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. मग त्यानं विचारलं, कोण चालवणार? त्यांनी सगळं सांगितलं, ओढ्याचंही. पुढच्या रविवारी तो रामभाऊंच्या दुकानात आला आणि या गाडीसाठी आधीच जमवून ठेवलेल्या दोन क्लचकेबल माधवीसाठी ठेवून गेला.

गाड्यांची अदलाबदल झाली. माधवीची स्कूटर मायाताईंना ऑफिसला जायला बरी पडते. किक नाही, गिअर नाही, खांद्याला त्रास नाही. राजेंद्र खूश आहेत. मायाताईंनाही तक्रारीला जागा नाही, फक्त स्कूटरचा आवाज कितीही ऐकला तरी त्यातून काही कळत नाही.

जानेवारीत माधवीचा पाड्यावरून फोन आला. कुणाच्या तरी व्यायलेल्या गाईची वार पडत नव्हती, किती वेळ वाट बघायची ते तिला विचारायचं होतं. मायाताईंनी नीट समजावून सांगितलं. मग गाडीबद्दल ती काही विचारेल म्हणून त्या थोडं थांबल्या. माधवीनं आभार मानून फोन ठेवला. गाडीबद्दल विचारावं असं तिला आता काही उरलं नव्हतं. मायाताईंनी चष्मा पुसला आणि समोरची फाईल पुढे ओढली.