सदतिसावी फाईल

आमच्या ऑफिसात त्याला सगळे आकडेमामा म्हणायचे. आमच्या सॉफ्टवेअरचे सदतीस भाग होते आणि प्रत्येक भागाच्या फाईलमध्ये व्हर्जनचा आकडा स्वतंत्र लिहिलेला असायचा. नवं व्हर्जन निघालं की मामा सदतीसच्या सदतीस फाईली उघडून तो हाताने बदलायचा. "आकडा एकाच ठिकाणी ठेवू, सगळे भाग तिथूनच घेतील. फक्त दोन आठवडे द्या," म्हणून त्याने साहेबांच्या किती विनवण्या केल्या! साहेबांचं उत्तर पाठच होतं, "चाललंय ना? मग कशाला हात लावतोस?"

परवा एक फाईल राहिली. तिच्यात जुनाच आकडा होता, म्हणून कॉम्प्युटरने मुकाट्याने जुनाच भाग उचलून जोडला आणि गेल्या वर्षी दुरुस्त केलेली चूक गिऱ्हाइकांकडे पुन्हा उगवली. साहेबांनी सगळ्यांदेखत मामाची खरडपट्टी काढली. "एवढं साधं काम जमत नाही तुला?" आम्ही सगळ्यांनी, अगदी मीसुद्धा, आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं खुपसलं.

मामा जागेवर गेला. पाच मिनिटांत त्याचा राजीनामा आला. साहेब हसले, "बघा, इथेही तारीख बदलायला विसरला."

मी वाकून पाहिलं. तारीख चार वर्षांपूर्वीची होती.