दुपारची ट्रायल

दुपारचे अडीच वाजलेत. मे महिना. गॅरेजचं शटर अर्ध्यावर ओढून मी एका जुन्या व्हॅनच्या काढून ठेवलेल्या सीटवर आडवा झालोय. कूलर घरघरतोय, ओल्या वाळ्याचा वास येतोय. बाहेर वरोऱ्याचा रस्ता ओस पडलाय. डोळे मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. हातातला पाना सुटून फरशीवर पडतो, आणि त्याचा आवाज विरायच्या आत उरकुडे मॅडम समोर उभ्या असतात.

डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हातात गाडीची चावी. नलिनी उरकुडे. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर गुडघ्यामुळे क्लच दाबवेना, म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. गेल्या वर्षी याच महिन्यात त्या वारल्या. हे मला झोपेतही ठाऊक आहे, म्हणून मी उठून उभा राहतो.

“दिवाकरभाऊ, आता चला,” त्या म्हणतात. “आता होते ते.”

तीनदा आल्या होत्या त्या माझ्याकडे. तिन्ही वेळा एकच तक्रार: दुपारी अर्धा तास गाडी चालली की गिअर बदलताना इंजिनचा आवाज वाढतो, फेऱ्यांचा काटा चढतो, पण गाडी ओढत नाही, मग एकदम झटका बसतो. मी तिन्ही वेळा गाडी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गारव्यात, एकटाच चक्कर मारून आलो. गाडी लोण्यासारखी चालायची. मशीन लावून पाहिलं, त्यातही काही नाही. तिसऱ्यांदा मी हसून म्हणालो होतो, “मॅडम, ऑटोमॅटिक असंच राहते. सवय होईल तुम्हाला.”

आता गाडी त्या चालवतायत आणि मी शेजारी बसलोय. गॅरेजची फरशी कधी संपली कळलं नाही. वणीचा रस्ता लागलाय, डांबर पाण्यासारखं चमकतंय.

“पाहा,” त्या म्हणतात.

काटा चढतो. इंजिन ओरडतं, गाडी तरंगल्यासारखी जागीच राहते. मग मागून कुणी ढकलल्यासारखा झटका.

“कळलं?”

“कळलं,” मी म्हणतो. “गिअरबॉक्सचं तेल तापतंय. तापलं की पातळ होतं, दाब राहत नाही, गिअर धरत नाही.”

“पातळ होते ना?”

मॅडमच्या समोर आता स्टिअरिंग नाही, लांब दगडी टेबल आहे. शाळेची प्रयोगशाळा. मॅडम चिमट्यात परीक्षानळी धरून बर्नरवर तापवतायत. नळीत लाल तेल आहे. हळूहळू ते तपकिरी होतं, करपल्याचा वास सुटतो.

“सातवीच्या पोरींना येत होतं हे,” त्या म्हणतात. रागावून नाही. वर्गात एखादीचं उत्तर चुकलं की ज्या आवाजात सांगत असतील, त्या आवाजात.

मी टेबलाच्या खाली वाकतो, तर तिथे गाडीचं बॉनेट आहे. पुढची तेल थंड करणारी जाळी कापसाच्या पिंजलेल्या तंतूंनी गच्च भरली आहे. आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत तेच उडतं. बोटानं ओढलं तर लोकरीसारखा जाड थर निघून येतो. पाण्याच्या एका फवाऱ्याचं काम होतं. त्यासाठी वाकून बघावं लागत होतं, एवढंच.

“मी सांगितलं होतं ना, दुपारीच होते म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“ऐकू आलं नाही?”

“आलं. पटलं नाही.”

“काहून?”

खोटं बोलता येत नाही. “मला वाटलं, तुमचाच पाय चुकत असेल. बाई माणूस, त्यात नवी गाडी.”

मॅडम परीक्षानळी खाली ठेवतात. आम्ही पुन्हा रस्त्यावर आहोत. वर्धा नदीचा पूल मागे पडलाय, पुढे एकही झाड नाही. गाडी उभी आहे. इंजिन चालू आहे, चाकं हलत नाहीत. याच जागी गाडी लोकांना सापडली, हे मॅडमच्या धाकट्या बहिणीनं मला नंतर सांगितलं. मॅडम तिच्याकडेच निघाल्या होत्या. उन्हात चालत गेल्या आणि पडल्या. दोन दिवस दवाखान्यात होत्या.

“मलाही तेच वाटलं,” त्या म्हणतात.

“काय?”

“माझंच चुकते आहे म्हणून. तुम्ही म्हणाले होते ना, सवय होईल. म्हणून कुणाला फोन केला नाही. लोक हसतील. बसून राहिले, गिअर काढला, टाकला, काढला, टाकला. पाऊण तास. मग पाणी संपलं.”

“मॅडम, इंजिन बंद करून ठेवायचं होतं. थोडा वेळ. तेल निवलं असतं, गाडी हळूहळू का होईना, गावापर्यंत गेली असती.”

त्या माझ्याकडे वळतात. “एवढंच होतं?”

“एवढंच.”

“मग सांगायचं ना, भाऊ.”

त्या चावी फिरवतात. इंजिन बंद पडतं. इतकी शांतता होते की तापलेल्या पत्र्याची टिकटिक ऐकू येते. मला माफी मागायची असते. शब्द जुळवत मी त्यांच्याकडे पाहतो, तर त्या काचेतून समोर बघतायत, गाडी निवायची वाट बघत, जणू आता त्यांना कुठंच जायचं नाही.

वीज गेली म्हणून जाग येते. कूलर थांबलाय. अंग घामानं निथळतंय. बनियन काढून पिळायला घेतो आणि छातीकडे लक्ष जातं. डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत, तीन बोटं रुंद, तिरका लाल वळ. हात फिरवला तर कातडी तिथं दुखते. गाडीत डाव्या सीटवर बसणाऱ्याचा पट्टा असाच येतो.

सत्तावीस वर्षांत मी ट्रायलला कधी त्या सीटवर बसलो नव्हतो.