संदेश, व्हाया नागपूर

कलकत्त्याला जायचं ठरलं ते माझ्या मेहुण्यामुळे, आणि तिथे मिठाईच्या दुकानात वाद घालायची वेळ आली ती आण्णांमुळे. मेहुणा मधू रेल्वेत. त्याची गार्डन रीचच्या कचेरीत बदली झाली आणि "थंडीत या, जागा ऐसपैस आहे" असं पत्र आलं. माझ्या बायकोने, कुसुमने, पत्र वाचून संपायच्या आत ट्रंक खाली काढली.

निघायच्या आदल्या दिवशी आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला परसात बोलावलं. मागेपुढे बघून हळूच म्हणाले, "अरे, येताना संदेश आण. खजुराच्या नव्या गुळाचा. सत्तरी आली, एकदा पुन्हा तोंडात पडू दे. आणि तुझ्या आईला बोलू नकोस."

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी आण्णा नोकरीपायी वर्षभर कलकत्त्यात एकटे राहिले होते. आई इथे कल्याणला, सासूसासऱ्यांजवळ. आण्णा परतले ते संदेशाची वर्णनं घेऊन. आमच्याकडे कुठल्याही सणाला गोड वाढलं की ती सुरू व्हायची, आणि आईचं उत्तर ठरलेलं असायचं: "नासवलेल्या दुधाची मिठाई! ती देवापुढे जात नाही, आणि जे देवापुढे जात नाही ते माझ्या घरात येत नाही." चाळीस वर्षं आली नव्हती.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. कलकत्ता मेल कल्याणला थांबते आणि नागपूरमार्गे दोन रात्री घेते. तिसऱ्या वर्गाने जाणार असाल तर वळकटी, पाण्याची सुरई आणि भरपूर दशम्या हव्यातच. नागपूरला संत्री चांगली मिळतात, पण टोपलीभर घेऊ नका. आम्ही घेतली आणि हावड्यापर्यंत मी पाय पोटाशी घेऊन बसलो.

मधूकडे पहिल्याच दिवशी मडकंभर रसगुल्ले आले, दुसऱ्या दिवशी मडकंभर गोड दही. कुसुमने रिकामी मडकी घासूनपुसून खिडकीत ओळीने मांडली. इथे ती फेकून देतात, हे मधूच्या मोलकरणीने कपाळाला हात लावून समजावलं. तरी परतीच्या ट्रंकेत माझ्या सदऱ्यांत गुंडाळलेली दोन निघालीच.

परतायच्या सकाळी मी आणि मधू संदेश घ्यायला निघालो. मधूच्या घराजवळच्या खिदिरपूरहून ट्रामने धरमतल्ला, तिथे ट्राम बदलून उत्तरेला. दुसऱ्या वर्गात बसा, भाडं कमी आणि गप्पा जास्त. दुकान जुनं, अंधारलेलं. काचेच्या कपाटामागे शाल आणि कानटोपी घातलेले मालक बसले होते. मी गुळाच्या रंगाच्या मऊ संदेशांकडे बोट दाखवलं. त्यांनी ताट उचललं आणि विचारलं, "कब खाएगा?"

"हम नहीं, हमारे पिताजी खाएँगे. बंबई के पास."

त्यांनी ताट परत कपाटात ठेवलं. "दो रात का गाड़ी! ये नरमपाक है. नहीं देगा. रास्ते में खट्टा होगा, आपका बाबा हमको गाली देगा."

"नहीं देंगे. बहुत सीधे आदमी हैं."

"सीधा आदमी को खट्टा संदेश? तब तो एकदम नहीं देगा."

माझ्या उभ्या आयुष्यात दुकानदाराने माल नाकारायची ही पहिलीच वेळ. शेवटी मधूने बंगालीत चाळीस वर्षांची हकिकत सांगितली. मालक कानटोपी वर सारून ऐकत राहिले. मग म्हणाले, "कड़ापाक ले जाओ." म्हणजे आचेवर जास्त आटवून घट्ट केलेला, चार दिवस टिकणारा. पण तोही लगेच मिळाला नाही. "बाबा का दाँत है?"

"चार."

"चार में चलेगा," ते म्हणाले आणि मोजून वीस बांधून दिले. वर एक मऊ संदेश पानावर ठेवून माझ्या हाती दिला. "ये इधर खाओ."

खाल्ला. चावायच्या आत विरघळला. आण्णांच्या चाळीस वर्षांच्या बडबडीचा अर्थ मला त्या क्षणी कळला आणि फार वाईट वाटलं, कारण नेमका हाच त्यांना नेता येत नव्हता.

घरी पोचलो. संदेश चिवड्याच्या रिकाम्या डब्यात भरले होते (तुम्ही भरू नका). आईला म्हटलं, "कलकत्त्याचे पेढे."

आईने झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं. "छान. गल्लीत वाटून येते."

मी तोंड उघडेपर्यंत ती उंबरठ्याबाहेर होती. देवापुढे ठेवल्याशिवाय तिने कधी पेढे वाटले नव्हते, पण प्रवासाने डोकं आंबलेलं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. आण्णा झोपाळ्यावर बसून एकेका दारात जाणारा डबा बघत होते. तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. त्यात, पेढे आले म्हणजे बातमी असणारच. अर्ध्या तासात समोरचे जोशी येऊन माझा हात दाबून गेले. "बढती झाली म्हणे! अभिनंदन!"

डबा परत आला तेव्हा आत दोन उरले होते. आई स्वयंपाकघरात गेल्याचं बघून मी त्यातला एक परसात आण्णांच्या हातावर ठेवला. चार दातांनी, डोळे मिटून, त्यांनी तो बराच वेळ खाल्ला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण तो मऊ होता रे. जिभेवर ठेवला की संपायचा."

"मऊ तिथेच मिळतो ना?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. "मग एकदा मला घेऊन जायचं होतं."

आण्णा दचकले. "अगं, पण तुला नासवलेल्या दुधाचं..."

"मला कोणी विचारलं होतं?"

ती बाहेर आली, डब्यातला शेवटचा संदेश उचलला आणि आमच्यासमोर उभ्याने खाल्ला. "चिवड्याचा वास येतोय," म्हणाली आणि बोटं चाटली.

गल्लीत अजून माझ्या बढतीचं कौतुक चाललंय, साहेबांच्या कानावर गेलं की संपेल. एका मडक्यात कुसुमने कोथिंबीर पेरलीय. आणि काल जेवताना, आई वाढत असताना, आण्णांनी मला चांगल्या मोठ्याने विचारलं, "काय रे, त्या मेलला दोन म्हाताऱ्यांना बसायला जागा मिळते का?"

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "खिडकीजवळची बघ."